येते म्हटल्यावर नवीन विषय नाही

आधीच सांगून टाकते, मला राग लवकर येतो. हे आमच्या घरात ठाऊक आहे, गल्लीत ठाऊक आहे आणि पुण्याच्या ऑफिसात तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. म्हणून त्या बुधवारी दुपारी उमरग्याच्या घरात, पुढच्या खोलीत बसून मी टेबलावर मूठ आपटली आणि "आग लागो त्या क्लोजला!" म्हणून ओरडले, तेव्हा आतून आईनं एवढंच विचारलं, "च्या ठेवू का?"

मी शिवकन्या. सी भाषेत प्रोग्रॅम लिहिते. पुण्यातल्या एका लहान कंपनीची नोकर, पण दोन वर्षं झाली, काम घरूनच. कारखान्यातला वजनकाटा, ओढ्यावरचा पंप, असली यंत्रं एकमेकांशी बोलतात ना, ते बोलणं आमची कंपनी घडवते. आणि तिथं पाच वर्षं मी काय केलं? दुसऱ्यांच्या चुका निस्तरल्या. कुणी काहीतरी लिहून ठेवायचं, ते कोलमडलं की शिवकन्येला हाक मारायची. शून्यापासून माझी म्हणावी अशी एक ओळ जगात नव्हती.

आणि आता होणार होती! निरोप इकडून तिकडं नेणारी एक नवी लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅमात आयता घालायचा कोड, आम्ही बनवली होती. आतलं यंत्र सगळ्यांनी मिळून केलेलं, तयार होतं. राहिलं होतं ते हेडर. हेडर म्हणजे फंक्शनांच्या, लायब्ररीला सांगता येणाऱ्या कामांच्या, नावांची यादी. लायब्ररी वापरणाऱ्या प्रोग्रॅमरला आतलं काहीच दिसत नाही, ही यादी तेवढी दिसते. तिच्यावरूनच तो ठरवतो की ही लायब्ररी शहाण्यानं केलीय का अडाण्यानं. एक हेडर ऑफिसातल्या रणधीरनं लिहिलं होतं, एक मी. शुक्रवारी अकरा वाजता परीक्षा. कंपनीत नवीन आलेल्या एका माणसाला फक्त हेडर द्यायचं, दुसरं काही नाही. त्यानं कुणाला न विचारता अर्ध्या तासात असा प्रोग्रॅम लिहायचा की दहा हजार निरोप जावेत आणि शेवटी सगळं नीट बंद व्हावं. जे हेडर जिंकेल ते एक वाजता तीन गिऱ्हाइकांकडं जाणार. आणि एकदा गेलं की दहा वर्षं त्यातलं अक्षरसुद्धा हलवायचं नाही, कारण लोकांचे प्रोग्रॅम त्याच नावांवर उभे राहतात. आमचे यज्ञेश सर याला 'गोठवणं' म्हणतात.

मला ते हवं होतं. दहावीचा निकालसुद्धा मला इतका हवा नव्हता.

रणधीर हुशार आहे, ते मी नाकारत नाही. पण त्याच्या हेडरात चौसष्ट फंक्शनं होती. सेंड, क्लोज ही सोपी नावं कॉम्प्युटरच्या सिस्टीमनं आधीच घेतलेली असतात, म्हणून त्यानं प्रत्येक नावापुढं कंपनीचं अख्खं नाव चिकटवलं होतं. एक नाव वाचून होईस्तोवर भाकरीचा घास चावून गिळून होतो. मला ते बघून संताप आला आणि संतापात मी सरळ मराठी नावं दिली. लायब्ररीचं नाव 'सांगावा'. कुणाच्या तरी हाती तोंडी निरोप धाडायचा, तो सांगावा. हे नाव कुठल्या सिस्टीमनं घेतलेलं असणार? फंक्शनं नऊ. एक उघडायला, एक जोडायला, एक पाठवायला, एक घ्यायला, अशी. काही बिघडलं तर कारण विचारायला एक फंक्शन, त्याचं नाव 'का'. इंग्रजी अक्षरांत दोनच अक्षरं. त्या नावावर मी स्वतःवरच इतकी खूश झाले की दिवसभर आईला उगीच "का? का?" करत होते.

आठ झाली. नववं, बंद करायचं, तिथं घोडं अडलं.

बघा, प्रोग्रॅमला वाटतं निरोप गेला. तो गेलेला नसतो. तो रांगेत उभा असतो. आता प्रोग्रॅम म्हणाला 'बंद कर', तर त्या रांगेचं काय करायचं? टाकून दिली तर निरोप हरवतात. सगळे पोचेपर्यंत थांबायचं म्हटलं आणि समोरचं यंत्र नेमकं बंद असलं, तर आपला प्रोग्रॅम जन्मभर लटकून राहतो. रणधीरनं यावर अकरा सेटिंगं दिली होती. अकरा! माझ्याकडं एकही उत्तर नव्हतं आणि चार दिवस गेले होते.

तर त्या दिवशी वनमाला आत्या आमच्याकडं होती. वडिलांची थोरली बहीण, सास्तूरला असते. उमरग्यात दाताच्या डॉक्टरकडं आली होती. डॉक्टरनं डाव्या गालात सुई टोचली होती, अर्धं तोंड बधिर होतं, आणि उरलेल्या अर्ध्या तोंडानं ती सकाळपासून बोलत होती. पाचच्या यष्टीनं तिला परत निघायचं होतं.

पावणेचारला ती उठली. "बरं वहिनी, येते मी," म्हणाली. आईनं कुंकवाचा करंडा आणला, कुंकू लावलं, आत्यानं पिशवी उचलली आणि दोघी उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

चार वाजले. उंबऱ्यातच.

चार वाजून दहा मिनिटं. आत्या सांगत होती की दगडोबाची म्हैस तीन दिवस हरवली होती आणि सापडली ती त्याच्याच गोठ्यामागं. सव्वाचारला शंभूच्या पोरीच्या बारशात कोण कुणावर रुसलं ते निघालं. मी समोर क्लोज, क्लोज, क्लोज लिहून खोडतेय आणि कानावर म्हैस येतेय. शेवटी माझा तोल गेला.

"आत्या, तुम्ही जाताय का नाही एकदाच्या?"

आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी शाळेत असते तर खाली बसले असते.

"शिवे! जाताय का म्हणत्यात व्हय कुणाला? येताय का म्हणावं. एवढं शिकून काय उजेड पाडला गं?"

"म्या जात न्हाय बाई," आत्या अर्ध्या तोंडानं म्हणाली. "म्या येते."

मी "चुकलं" म्हणणार होते. तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं. अरे! आमच्याकडं कुणी 'जाते' म्हणतच नाही की! निघायचं म्हणजे 'येते' म्हणायचं. आणि 'येते' म्हटलं म्हणून माणूस निघत नसतं. ते उंबऱ्यात थांबतं. पोटातलं राहिलेलं सगळं सांगतं, मग निघतं. चार दिवस मी जे शोधत होते ते माझ्या दारात पिशवी घेऊन उभं होतं!

"आत्या," मी म्हटलं, "थांबा. अजिबात निघू नका. बोला तुम्ही."

"हिला काय झालं?" आत्यानं आईला विचारलं.

"हिचं कॉम्प्युटरचं असतंय काहीतरी," आई म्हणाली. "तुम्ही बोला वन्सं."

मी वही घेऊन चक्क त्यांच्या पायाशी बसले आणि आत्या काय काय बोलते ते टिपू लागले. म्हैस, बारसं, वाळत घातलेल्या मिरच्या, हे सगळं पोटात आधीपासून असलेलं. रांगेतलं. ते संपायला लागलं तशी आत्या म्हणाली, "आणि हे बघ वहिनी, तुझ्या दारापुढं ही नवी टाकी कवा बांधली?" तर आई लगेच, "वन्सं, आता नवीन इषय काढू नका, यष्टी चुकल. जुनं काय ऱ्हायलं असंल तर बोला."

मी जवळजवळ नाचलेच. जुनं राहिलं असेल तर बोला, नवीन विषय नाही! म्हणजे एकदा प्रोग्रॅमनं 'येते' म्हटलं की नवा निरोप घ्यायचा नाही, पण रांगेतले पोचवत राहायचं. आणि किती वेळ? यष्टी सुटेपर्यंत. म्हणजे एकच आकडा द्यायचा, उंबऱ्यात किती वेळ थांबायचं तो. अकरा सेटिंगं गेली खड्ड्यात!

पाचला दहा कमी असताना मी आत्याला स्कूटीवर बसवलं आणि स्टँडवर नेलं. यष्टी लागलेलीच होती. आत्या चढली, खिडकीशी बसली, गाडी हलली आणि तिनं डोकं बाहेर काढलं.

"अगं शिवे, ऱ्हायलंच की गं सांगायचं!"

"किती राहिलंय?" मी गाडीच्या बाजूनं पळत विचारलं.

"आं?"

"आकडा सांगा, आत्या! किती गोष्टी राहिल्या?"

"दोन!" आत्या ओरडली आणि गाडी वळली.

दोन. आहे की नाही कमाल! फंक्शननं परत काय द्यायचं तेही आत्यानं सांगितलं. वेळ संपली तर किती निरोप राहिले तो आकडा द्यायचा. शून्य आला तर सगळं पोचलं. स्टँडवरचे लोक माझ्याकडं बघत होते. बघू देत. मी घरी येऊन बसले आणि तासाभरात नववं फंक्शन लिहून काढलं. नाव दिलं 'येतो'.

नाव लिहिलं आणि परत अडकले. येतो का येते? गुरुवारी सकाळी हे मी ऑफिसच्या कॉलवर काढलं, आणि ते काढायला नको होतं.

"निरोप ज्यातून जातो ते सॉकेट नपुंसकलिंगी आहे," रणधीर म्हणाला. "ते सॉकेट. म्हणजे 'येतं' पाहिजे."

"सॉकेट कुठं बोलतंय? प्रोग्रॅम बोलतोय. तो प्रोग्रॅम."

"आणि प्रोग्रॅम लिहिणारी बाई असली तर?"

"तेच तर मी विचारतेय!"

"आदरार्थी 'येतो आम्ही' पण ठेव मग. आणि कुणी नवखा पाहुणा असला तर 'येऊ का?'" असं म्हणून रणधीर इतका हसला की त्याचा कॅमेरा हलायला लागला. यज्ञेश सरांनी कपाळावर हात मारला. ते भले माणूस आहेत, पण त्यांना वेळेचं फार असतं.

"शिवकन्या, बारा मिनिटं आपण व्याकरण करतोय," ते म्हणाले. "नाव तुला वाटेल ते ठेव. उद्या मोनिकाला कळलं म्हणजे झालं."

मोनिका म्हणजे त्या सोमवारीच रुजू झालेली मुलगी. परीक्षा तीच देणार होती, दोन्ही हेडरांची. मी रागारागानं दोन्ही नावं ठेवली. येतो म्हणा नाहीतर येते म्हणा, आत फंक्शन एकच. ज्याचं त्यानं आपापल्या तोंडानं बोलावं. बाकी आठच्या आठ तशीच ठेवून मी यादी पाठवून दिली आणि दुपारभर नखं खाल्ली.

शुक्रवारी अकराला मोनिकानं आधी रणधीरचं हेडर उघडलं. तिची स्क्रीन आम्हां सगळ्यांना दिसत होती. नियम असा की ज्याचं हेडर त्यानं बोलायचं नाही, सरांनी त्याचा माईकच बंद करून ठेवला होता. तिनं चौसष्ट नावं वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. सत्ताविसाव्या मिनिटाला दहा हजार निरोप गेले. आम्ही सगळे बघत होतो. प्रोग्रॅम मात्र बंदच होईना. अकरांतलं कुठलंतरी सेटिंग राहिलं होतं. अर्धा तास संपला तरी तो लटकलेलाच. रणधीर पडद्यावर कान खाजवत बसला होता, आणि खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या.

मग माझं. सरांनी माझा माईक बंद केला.

मोनिकानं नऊ फंक्शनांची नावं वाचली आणि म्हणाली, "एवढंच?" तो शब्द मी जन्मभर विसरणार नाही. तिनं उघडलं. आणि दुसऱ्याच ओळीत, उघडल्या उघडल्या, लिहिलं काय? 'येते'!

"छान आहे हे," ती स्वतःशी म्हणत होती. "आल्या आल्या सांगायचं, मी येते म्हणून."

"अगं बाई! अगं ए बाई!" मी उमरग्यात ओरडले. "आल्यावर कोण येते म्हणतं गं? निघताना म्हणतात! निघताना!" पण माईक बंद. आई हातात लाटणं घेऊन पळत आली. मी तिला पडदा दाखवला. "बघ ना, घरात पाय ठेवला आणि येते म्हणाली!"

"मग? तिला कुंकू लावून वाटंला लाव," आई म्हणाली आणि पोळ्या करायला गेली.

हसावं का रडावं? मोनिकानं पुढं सगळं बरोबर लिहिलं, जोडलं, दहा हजारांचं चक्र लावलं, आणि चालवलं. एकही निरोप गेला नाही. जाणार कसा? दारातच 'येते' म्हटल्यावर नवीन विषय बंद. दहा हजार निरोप बाहेर ताटकळत. रणधीरच्या तोंडावर जरा रंग परत आला. बारा मिनिटं झाली होती. गेलं, म्हटलं. आत्या, म्हैस, यष्टी, सगळं फुकट गेलं. माझ्या अक्कलहुशारीनं मीच माझं मातेरं केलं. साधं 'बंद' म्हणून ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?

मोनिका डोकं खाजवत परत हेडरकडं गेली. यादीतल्या शेवटच्या नावावर तिचं बोट थांबलं. "का?" ती म्हणाली. "हे 'का' काय आहे? विचारून बघते."

तिनं 'का' लिहिलं आणि परत चालवलं. पडद्यावर उमटलं ते बुधवारी संध्याकाळी मीच आनंदाच्या भरात लिहून ठेवलं होतं:

आत्ताच येते म्हणालात ना? आता नवीन विषय काढू नका. जुनं काही राहिलं असेल तर बोला.

मग मोनिका अशी हसली, अशी हसली की खुर्ची मागं गेली आणि ती पडद्यावरून दिसेनाशी झाली. फक्त हसू ऐकू येत होतं. "अगं आई गं! निघतानाचं येते! मी आल्या आल्या निघालेच!" यज्ञेश सर, ज्यांना मी पाच वर्षांत हसताना बघितलं नव्हतं, ते चष्मा काढून डोळे पुसत होते. मोनिका खुर्चीसकट परत आली, 'येते' ची ओळ उचलून सगळ्यात शेवटी ठेवली, कंसात उंबऱ्यातले तीन सेकंद दिले आणि चालवलं. दहा हजार गेले. खाली आकडा आला, शून्य. काही राहिलं नाही. प्रोग्रॅम शहाण्यासारखा बंद झाला. एकोणीस मिनिटं.

"पण ती चुकली," रणधीर म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं. "नाव वाचून तिला उलटं कळलं, सर."

"चुकली," सर म्हणाले. "पण तिला तुला विचारावं लागलं नाही, मला विचारावं लागलं नाही. तिनं हेडरला विचारलं आणि त्यानं सांगितलं. तुझ्यात चुकली तेव्हा पडदा नुसता बघत बसला होता." मग त्यांनी माझा माईक उघडला. "शिवकन्या, तुझं जातंय. सांगावा, नऊ फंक्शनं. एक वाजता गोठवतो."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. आई सांगते की मी तिला उचललं. ती पंच्याहत्तर किलोची आहे, मला खरं वाटत नाही. एक वाजता सरांचा निरोप आला की गोठवलं, तिन्ही गिऱ्हाइकांना गेलं. वर लिहिणारीचं नाव, शिवकन्या. मी पोळीत गूळतूप घालून खाल्लं, सास्तूरला फोन लावून आत्याला सांगितलं की तुमचं फंक्शन पास झालं, आत्या म्हणाली, "बरं झालं बाई, आता दात दुखत न्हाय."

दोन वाजता रणधीरचा फोन आला. मला वाटलं अभिनंदन करायला.

"शिवकन्या, हेडरातलं तिसरं नाव वाच बरं. मोठ्यानं."

मी उघडलं. तिसरं, निरोप पाठवायचं. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं. इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचली, मग परत एकदा वाचली.

'पाठव' नव्हतं लिहिलेलं. 'पाठीव' लिहिलं होतं.

पाठीव! आमच्या घरी असंच म्हणतात. डबा पाठीव, पैसे पाठीव, पोरीला पाठीव. पहिल्यांदा लिहिताना जिभेवरचं बोटांत उतरलं, आणि एकदा लिहिल्यावर पुढं कॉम्प्युटरच ते नाव पुरं करत गेला. मी ते शंभर वेळा बघितलं, मला त्यात वावगं काही दिसलंच नाही. मोनिकाला कसं दिसलं नाही? तर मोनिका निघाली निलंग्याची, आमच्याच भागातली! तिच्याही घरी पाठीवच.

आता एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी कुणाला सांगत नाही. पुण्यात पहिल्या वर्षी, पहिल्याच मोठ्या बैठकीत, मी उभी राहून म्हणाले होते, "सर, मी मेल पाठीवलाय." अख्खी खोली हसली होती. वाईट मनानं नव्हे, पण हसली. रणधीर सगळ्यांत मोठ्यानं. पुढं महिनाभर कुणीही काही दिलं-घेतलं की 'पाठीवलं का?' म्हणायचे. त्या दिवसापासून ऑफिसात मी तोंड उघडायच्या आधी वाक्य मनात एकदा धुऊन घेते. पाच वर्षं. थकवा येतो त्याचा. आणि आता माझ्या पहिल्यावहिल्या कामात, सगळ्यांना दिसेल असं, दहा वर्षांसाठी, तेच!

"सरांना सांगितलंय मी," रणधीर म्हणाला. तो हसत नव्हता, हे मला तेव्हा जाणवलं नाही. "ते फोन करतील."

सरांचा फोन लगेच आला. "हे बघ, तासच झालाय," ते म्हणाले. "गिऱ्हाइकांनी अजून उघडलंही नसेल. तुझी इच्छा असेल तर दुरुस्त करून परत पाठवतो, यावेळेपुरतं. तुझं हेडर आहे, तू सांग."

तुझं हेडर आहे. मी त्या नावाकडं बघत बसले. किती सोपं होतं, एक अक्षर! पाच वर्षं मी हेच करत आले होते, चुका दुरुस्त. पण ही चूक होती का? कुणाची? आईची? आत्याची? दाराशी उभी राहून तिनं मला अख्खं नववं फंक्शन दिलं, ते चाललं, आणि तिच्या तोंडचं तिसरं चालू नये? माझा राग मला ठाऊक आहे, तो वर चढतो तेव्हा कान गरम होतात. या वेळी कान गरम झाले, पण त्यात हसू मिसळलेलं होतं.

"सर," मी म्हणाले, आणि वाक्य धुऊन घेतलं नाही, "न्हाय. ऱ्हाऊ द्या तसंच."

सरांनी विचारलं, "नक्की? दहा वर्षं?"

"व्हय. नक्की."

फोन ठेवला. शनिवार-रविवार मी कसे काढले ते विचारू नका. धुणं दोनदा धुतलं. मोबाइल पालथा घालून ठेवला. आईनं विचारलं तर तिच्यावरच खेकसले.

सोमवारी सकाळी दहाला सगळ्या ऑफिसची बैठक. पडद्यावर एकवीस चौकोन. प्रत्येकानं आपलं काम सांगायचं. रणधीरची पाळी तिसरी. त्याच्याकडं सांगावा वापरून वजनकाट्याचा प्रोग्रॅम करायचं काम आलं होतं, तो शनिवारपासून त्यावरच बसला होता, डोळे लाल झालेले. तो कागद बघत घाईघाईनं बोलत होता.

"काट्याकडनं मी काल पाच हजार पाठीवले, ते सगळे पोचले. मग समोरचं यंत्र बंद करून परत पाठीवले, तर चाळीस राहिले, आकडा बरोबर आला. आज दोन्हीकडनं एकदम पाठीवून बघतो."

मी एकेक चौकोन बघितला. वरची रांग, मधली रांग, खालची रांग. सर मान डोलवत टिपून घेत होते. मोनिका चहा पीत होती. एकवीस माणसं, आणि एकही हसलं नाही. रणधीरला तर आपण काय बोललो हेही कळलं नव्हतं. कामाचा शब्द होता, कामाला वापरला, पुढं गेला.

मग हसले ती मीच. आवरलंच नाही, सगळ्यांसमोर, खदखदून.

"शिवकन्या?" सर म्हणाले. "काय झालं?"

"काय न्हाय सर," मी डोळे पुसत म्हणाले. "रणधीर, लई झ्याक पाठीवलंस."